सेकंडचा ढीग

सुंदराचा हात चुकत नाही, असं सुरतेतल्या उधन्याच्या त्या गोडाऊनमध्ये सगळेच म्हणायचे, आणि वाईट गोष्ट अशी की सुंदरालाही ते पटलं होतं. काम तसं साधंच. मिलमधून छापून आलेल्या साड्या लाकडी दांडीवरून ओढायच्या, ट्यूबलाइटखाली नजर फिरवायची, साडी चांगली असेल तर उजवीकडे फ्रेशच्या ढिगात आणि डाग, भोक किंवा फिसकटलेली छपाई असेल तर डावीकडे सेकंडच्या ढिगात टाकायची. बाकीच्या बाया साडी थांबवत, उलटीपालटी करत, शेजारणीला दाखवत आणि मग ठरवत. सुंदरा थांबत नसे. साडी अजून दांडीवरून घसरतच असायची आणि तिचा हात डावीकडे वळलेला असायचा. नेमकं काय दिसलं असं मास्तरने विचारलं तर तिला धड सांगता यायचं नाही. मागाहून साडी पसरून शोधायला लागायचं आणि डाग निघायचाच. एक शोधायला जावं तर तीन निघायचे. डोळा एकदा बसला की साडी आपणहून सगळं कबूल करते, असं ती नव्या पोरींना सांगायची.

साड्यांपुरतं हे ठीक होतं. पण बाईने तोच डोळा घरी आणला आणि नवऱ्यावर लावला.

नवरा हेमराज, कडोदऱ्याला लूमच्या खात्यात कारीगर. सुरतेत कापड विणायच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि लूम चालवणाऱ्याला कारीगर, मग तो कितीही पिचलेला का असेना. अमळनेरकडून लग्नानंतर लगेच दोघं इकडे आली, डिंडोलीत भाड्याच्या खोलीत राहिली, पुढे तिथेच दोन खोल्यांचं रो-हाउस झालं आणि मुलगी गायत्री कॉलेजात गेली. हेमराज खायला चोखंदळ, बोलायला मोकळा, हसायला त्याला निमित्त लागत नसे. म्हणजे पूर्वी. वर्षभरात त्या माणसाला काय झालं होतं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, हात कापत नव्हते, दारूचा तर कधी वासही नव्हता. गायत्री म्हणायची, "मम्मी, पप्पा थक गए हैं, बस." सुंदराला एवढ्याशा उत्तराने समाधान होणार नव्हतं.

सुरुवात नाकापासून झाली. दिवाळीच्या आधी एक दिवस सुंदरा गॅसवर डाळ ठेवून शेजारच्या इंदुबाईकडे विरजण मागायला गेली, आणि इंदुबाईकडे गेलेलं माणूस लगेच परत येत नाही. परत आली तेव्हा जळका वास गल्लीपर्यंत पोचला होता. डाळीचा कोळसा झाला होता आणि शेगडीपासून हातभर अंतरावर, खाटेवर, हेमराज शांतपणे टीव्ही बघत बसला होता. "तुमले वास उना नही?" तिने विचारलं. त्याने आधी पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नाही म्हणाला. चूक झाली, लक्ष नव्हतं, असं काहीही नाही. नुसतं नाही. नाकाखाली डाळ जळते आणि याला कळत नाही, म्हणजे हा माणूस या घरात नाही, असं सुंदराने त्याच क्षणी ठरवलं. मग आहे कुठे, एवढंच शोधायचं राहिलं.

त्यानंतर तिला एकेक दिसायलाच लागलं. भरीत केलं, भावजयीने गावाहून पाठवलेला काळा मसाला घालून शेवभाजी केली, तरी हेमराज पुठ्ठा चावल्यासारखा चावत राहायचा. एकदा तर त्याने मसाला बदललास का असं विचारलं. ज्या मसाल्यावर हा माणूस एकेकाळी ताट चाटूनपुसून जेवायचा त्याच मसाल्याबद्दल तो हे विचारत होता. सुंदराला झोंबलं. बाहेर कुठेतरी बरं मिळत असेल म्हणून घरचं गोड लागत नसेल, असं तिने मनात लिहून टाकलं.

मग आवाज. पूर्वी हेमराज फोनवर बोलला की समोरच्या गल्लीला कळायचं. आता पायरीवर बसून तो इतकं हळू बोलायचा की स्वयंपाकघराच्या दाराला कान लावूनही शब्द लागत नसे. कुणाचा फोन, तर म्हणे चिंधाचा. चिंधा म्हणजे त्याच्या गावचा, त्याच खात्यातला कारीगर. हेमराज अंघोळीला गेल्यावर तिने तो नंबर लावून पाहिला, तर पलीकडून खरोखरच चिंधा बोलला. दुसऱ्या कुणाचं मन इथे निवळलं असतं. सुंदराला कळलं ते एवढंच, की चिंधाही सामील आहे.

मग हात. बाजारात जाताना ती त्याच्या मागे चालत होती. उजवा हात नीट हलत होता, डावा मात्र खिशाला चिकटल्यासारखा. खिशात काहीतरी जपतोय, हे उघडच होतं. रात्री खुंटीवरची पँट तिने चाचपली. खिसा रिकामा निघाला. आता रिकामा खिसा बघून बाईने गप्प बसावं की नाही? पण ज्याच्या खिशात काहीच नसतं त्याने आधीच सगळं काढून ठेवलेलं असतं, असं तिला वाटलं आणि तो रिकामा खिसा तिने सगळ्यात मोठा पुरावा म्हणून धरला.

भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा इंदुबाईने मोबाइलवर दोन बोटांनी हेमराजचा चेहरा मोठा केला. चारी बाजूंनी माणसं हसत होती आणि मध्ये हा, पोलीस चौकीत बसवल्यासारखा. "यांचं मन नाही लागत तुमच्यात," इंदुबाई म्हणाली. ती मूळची नाशिककडची, तिची बोली वेगळी, पण अशा गोष्टी सांगायला तिला कुठलीच बोली अडत नसे. सुंदरा घरी येऊन पोळ्या लाटत रडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला या माणसाचं हसणं एवढंच काय ते फुकट मिळालं होतं, आणि आता तेही बंद झालं होतं.

पण सगळ्यात वाईट होतं ते दार. संध्याकाळी पाळी संपवून हेमराज यायचा, चपला काढायचा आणि उंबऱ्याशी थांबायचा. आत यायचा नाही. मान खाली, नजर पायांवर, जणू कुणाची परवानगी हवी. मग अचानक दोन-तीन बारीक पावलं टाकून आत शिरायचा. सुंदरा स्वयंपाकघरातून हे रोज बघायची. स्वतःच्या घरात शिरायला माणसाला एवढा विचार का पडावा, याचं तिला एकच उत्तर सुचायचं, आणि ते उत्तर रोज थोडं थोडं पक्कं होत गेलं.

एका रविवारी चिंधा गावाहून आणलेली वांगी द्यायला आला. हेमराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. चिंधाला नवल वाटलं. खात्यात तर हा माणूस घोड्यासारखा पळतो, तो म्हणाला. लूमच्या गल्लीतून असा चालतो की जवान पोरं मागे पडतात. "आठे येईसन काय व्हस त्याले, वहिनी? आठे दगडनागत पडेल राहस." सुंदराने सहज विचारल्यासारखं विचारलं, की तिथे कुणाकुणाशी जमतं यांचं. चिंधाने चार नावं घेतली आणि पाचवं नाव हसत घेतलं. शोभाबाई, बॉबिन भरणारी, म्हणजे रिळांवर धागा गुंडाळणारी. ती म्हणे सारखी हेमराजच्या मागेपुढे असते. चिंधा चहा पिऊन गेला. त्याच्या कपात किती साखर घातली होती हे सुंदराला नंतर आठवेना.

म्हणजे हा माणूस दगड झाला नव्हता. तिकडे घोडा होता आणि इकडेच दगड होता. आजारी माणूस जागा बघून आजारी पडत नाही. हा विचार तिला इतका लख्ख वाटला की त्यापुढे काही तपासायचं उरलं नाही. तरी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू, मग याला घरात ठेवायचं की नाही ते ठरवू, असं तिने स्वतःला बजावलं. खरं तर ठरलेलं होतं. ती फक्त साडी पसरून डाग शोधायला निघाली होती.

दुसऱ्याच दिवशी हेमराज डबा विसरून गेला. सुंदराने तो उचलला, मास्तरला फोन करून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि शेअर रिक्षा बदलत बदलत कडोदरा गाठलं. खातं तिला आवाजावरूनच सापडलं. आत तर बोलायची सोयच नव्हती. लूमचा खडखडाट कानातून न शिरता तळपायातून वर यायचा आणि दातांत जाऊन बसायचा. दाराजवळ विणलेल्या कापडाचे ताके रचून ठेवले होते. त्यांच्या आड ती उभी राहिली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आणि तिने हेमराजला पाहिलं. दोन्ही बाजूंच्या लूमच्या मधल्या बोळातून तो ताठ मानेने, लांब पावलं टाकत चालला होता. वाकत होता, तुटलेला धागा जोडत होता, पुढच्या लूमकडे वळत होता. आणि हात, तो डावा हात, जो बाजारात खिशाला चिकटलेला असायचा, तो इथे मोकळा हलत होता. घरी हा माणूस पाय ओढतो, ताट ढकलतो, तोंड फिरवतो, आणि इथे त्याला लग्नातल्या नवरदेवासारखी चाल सुचते. तिला राग आला, पण त्याआधी तिला फार एकटं वाटलं.

तेवढ्यात लाईट गेली. सगळे लूम एकदम गपगार झाले. अचानक शांतता पडल्यावर कारीगर घाम पुसत चहाला बाहेर निघाले. हेमराज मात्र बोळाच्या मध्येच, एक पाय पुढे टाकून, तसाच उभा राहिला. बाजूने जाणारा एक गुजराती कारीगर हसून म्हणाला, "हेमराजभाईनी बी लाईट गई." बाकीचेही हसले. सगळ्या खात्याला माहीत आहे, सुंदराच्या मनात आलं, फक्त मलाच माहीत नव्हतं.

मग बॉबिनचा खोका कडेवर घेऊन एक बाई आली. पदर खोचलेला, अंगाने ठसठशीत, केस कानापाशी पांढरे. हीच शोभाबाई, हे सांगायला कुणी लागलं नाही. ती हेमराजच्या पुढे काही पावलांवर येऊन उभी राहिली, खोका खाली ठेवला आणि एक रिकामी बॉबिन घेऊन लूमच्या लोखंडावर वाजवायला लागली. टक्-टक्. टक्-टक्. मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होती आणि हसत होती. हेमराजचा पाय उचलला. बाई वाजवत वाजवत मागे सरकत गेली आणि तो तिच्या तालावर एकेक पाऊल टाकत तिच्याकडे गेला. दाराबाहेर चहाच्या टपरीपर्यंत दोघं अशीच गेली. सुंदराने डबा तसाच उचलला आणि मागच्या बाजूने बाहेर पडली.

रिक्षात तिच्या शेजारी बसलेल्या बाईने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा आपण रडतोय हे तिला कळलं. घरी आल्यावर मात्र ती रडली नाही. गावाला जाताना न्यायची निळी बॅग तिने माळ्यावरून काढली. हेमराजचे शर्ट, पँटी, बंड्या, दाढीचं सामान, सगळं घड्या घालून भरलं. हात सवयीने चालत होते. गायत्री क्लासला गेली होती हे बरंच होतं. बॅग तिने उंबऱ्याच्या आत, दाराशी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्यांची कणीक मळत बसली. माणसाला घराबाहेर काढायच्या दिवशीही कणीक का मळली, हे तिला विचारलं असतं तर तिलाच सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला चपलांचा आवाज आला. सुंदरा दारात येऊन उभी राहिली. हेमराज पायरी चढून उंबऱ्याशी आला आणि नेहमीसारखा थांबला. त्याने बॅग पाहिली.

"कोनी गावले जाई राह्यनं का?" त्याने विचारलं. आवाज तोच, हळू आणि सपाट.

लग्न झाल्यापासून सुंदराने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आज तोंडातून तेच आलं. "तुले मझार यानं व्हई ते ये. नही ते जाय, तठेच जाय."

हेमराजने तिच्याकडे पाहिलं, चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, मग मान खाली घालून तो आपल्या पायांकडे बघत राहिला. सुंदरा थांबली. कुठल्याच साडीला तिने आयुष्यात एवढा वेळ दिला नव्हता. आत्ता आत येईल, आत्ता पाय धरेल, निदान भांडेल तरी. तो उभाच राहिला. उंबरा केवढा, चार बोटांचा. तेवढाही ओलांडावासा वाटत नाही या माणसाला, असं तिच्या मनात येतंय न येतंय तोच तिचा हात पुढे गेला होता. दार लागलं. कडी बसली.

दाराला पाठ लावून ती ऐकत राहिली. आता पावलं वाजतील. पायरी उतरतील, गल्लीतून रस्त्याकडे जातील, आणि मग सगळं संपलं. इंदुबाईच्या कुकरची शिट्टी झाली. एक मोटरसायकल गेली. पावलं वाजली नाहीत. मग आता दार वाजेल. तेही वाजलं नाही. जाणारा माणूस गेला असता. येणाऱ्याने दार ठोठावलं असतं. हा गेलाही नव्हता आणि येतही नव्हता. सुंदरा गोंधळली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी तिच्यापुढे आलं होतं जे ना उजव्या ढिगात जात होतं ना डाव्या.

ती खिडकीशी गेली आणि गजातून पाहिलं. हेमराज जिथे होता तिथेच होता. उजव्या पायाची टाच उचललेली, अंगठा फरशीवर रुतलेला, आणि पोटरी थरथरत होती. हनुवटीवरून घाम टपकत होता. चेहरा तसाच दगडी, पण त्या दगडातून पाणी गळत होतं. डोळ्यातून. पुसायला हातसुद्धा उचलला जात नव्हता.

"सुंदरा," तो म्हणाला. तो तिला नावाने कधी हाक मारत नसे, गायत्रीची माय म्हणायचा. "मना पाय उचलाय नही राह्यना. मी सांगस त्याले. तो ऐकत नही."

तिने कडी काढली, त्याचा हात धरला आणि ओढला. ते उलटंच झालं. वरचं अंग पुढे आलं आणि पाय तिथेच राहिले. तो कोसळता कोसळता तिने छातीवर झेलला. पुन्हा सरळ उभा केला. त्याचं अंग लाकडासारखं ताठ लागत होतं आणि आतून कापत होतं. हा माणूस खोटं बोलत नाही, हे तिला हाताला कळलं. आणि त्याच वेळी दुपारचं सगळं तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा आलं. चित्र तेच. बोळात अडलेला हेमराज, एक पाय पुढे. लाईट गेलेली. पुढे उभी ती बाई, आणि लोखंडावर वाजणारी बॉबिन.

सुंदरा आत धावली आणि कणकेने माखलेल्या हातात लाटणं घेऊन आली. चौकटीवर मारलं. टक्-टक्. टक्-टक्. आधी फार घाईत वाजवलं, मग शोभाबाईचा ठेका आठवून सावकाश. हेमराजची टाच हलली. पाय सुटला. उंबरा ओलांडून, निळी बॅग ओलांडून तो आत आला. सुंदरा मागे सरकत, भिंतीवर, कपाटावर, खाटेच्या दांड्यावर वाजवत राहिली आणि तो तिच्या मागे येत राहिला. खाटेवर टेकला तरी तिला थांबायची भीती वाटत होती. इंदुबाई दारात येऊन विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि सुंदरा लाटणं वाजवतच होती.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती. तिने हेमराजला बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, दारातून आतबाहेर करायला लावलं आणि डोळे मिटून कॉफीची पूड हुंगायला दिली. त्याला काहीच वास आला नाही. मग तिने हिंदी आणि गुजराती मिसळून सांगितलं ते गायत्रीने घरी आल्यावर आईला पुन्हा समजावलं. आजाराचं नाव पार्किन्सन. लोकांना वाटतं त्यात हात कापायलाच हवेत, पण सगळ्यांचे कापत नाहीत. डोळे बघतात, कान ऐकतात, ती खबर मेंदूपर्यंत बरोबर पोचते. मेंदू ठरवतोही, की पाय उचलायचा. पण ठरलेलं हातापायांकडे सोडण्यासाठी मेंदूत जे रसायन लागतं, ते याच्यात आटत चाललं आहे. त्यामुळे हुकूम निघतो आणि वाटेत अडतो, दारात तर जास्तच. खात्यात लूमचा ठोका बाहेरून मदत करतो, म्हणून तिथे तो चालतो. ठोका थांबला की हाही थांबतो. चेहरा हसत नाही, आवाज बसतो, एक हात हलत नाही, वास जातो, ते सगळं त्यातलंच. गोळ्यांनी बराच फरक पडेल, पुरता बरा होणार नाही.

सुंदरा एकेक ऐकत होती. डाळ, फोन, खिसा, फोटो, दार. तिने वर्षभर जमवलेला एकूणएक पुरावा ती पोरगी तिच्यापुढे परत ठेवत होती, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. तिने डॉक्टरला विचारलं, म्हणजे मला दिसलं ते चुकीचं होतं का. डॉक्टर म्हणाली, नाही, तुम्ही बरोबर पाहिलं, उलट इतकं बारीक पाहणारं माणूस आणखी आधी इथे आलं असतं तर बरं झालं असतं. ती चांगल्या मनानेच म्हणाली. सुंदराला ते आजही खुपतं.

घरी परतताना हेमराजने आपलंही सांगून टाकलं. जेवणाला चव लागेना तेव्हा त्याला वाटलं, बायको आपल्याला शिळंपाकं घालते. पुढे पाय अडायला लागले तेव्हा वाटलं, ही कुणाचं तरी ऐकून ताटात काहीतरी कालवते. म्हणून तो ताट ढकलायचा. कुणाला सांगणार? चिंधाला फोन करून हळूच विचारायचा, की गावाकडे करणी उतरवणारा कुणी जाणता माणूस आहे का. ऐकून सुंदराला रिक्षात हसू फुटलं, आणि ते हसू आवरता आवरता तिला रडू आलं. एकाच घरात दोघं एकमेकांची वर्षभर झडती घेत होती, आणि दोघांच्याही हाती रिकामा खिसा लागला होता.

पुढच्या रविवारी शोभाबाई भेटायला आली. तिच्या दिराला शिरपूरला हाच आजार होता. घरातल्या बाया टाळ्या वाजवून त्याला चालवत. हेमराज बोळात अडलेला पाहून तिने ओळखलं होतं आणि शेठला कळलं तर कामावरून काढतील म्हणून ती थट्टा केल्यासारखं दाखवून त्याला चालवायची. लोक हसले की बरं पडतं, ती म्हणाली, हसणारा माणूस जास्त विचारत नाही. सुंदराने तिला चहा केला, शेवभाजी खाऊ घातली, जाताना ओटी भरली. मनापासून भरली. तरीही चहा देताना तिने एकदा हेमराजच्या चेहऱ्याकडे आणि एकदा शोभाबाईच्या चेहऱ्याकडे बघून घेतलंच. तिला स्वतःची लाज वाटली, पण बघणं थांबलं नाही.

आता गोळ्या चालू आहेत. हेमराज कधीकधी हसतो, एका बाजूने थोडंसं. वास काही परत आलेला नाही, पण भरीत समोर आलं की तो चांगलं झालंय म्हणतो आणि सुंदरा ते खरं मानते. गायत्रीने खात्यातल्या लूमचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला आहे, बाहेर जाताना तो कानाला लावतो. घरच्या दारात मात्र त्याला लाटणंच लागतं. ते चौकटीच्या बाजूला खिळ्याला दोरी बांधून टांगलेलं असतं, आणि चौकटीच्या लाकडाला तिथे खळगा पडत आला आहे.

संध्याकाळी चपला वाजतात. हेमराज पायरी चढतो आणि उंबऱ्याशी कधीतरी अडतो, मान खाली घालून. सुंदरा उठते. सगळं माहीत असून, रोज माहीत असून, तिचा हात आधी उघड्या दाराच्या कडीकडे जातो. मग लाटण्याकडे.